एकच टाका

प्रणोती, ती ओढणी आधी खुंटीला लाव.
पॉलिएस्टर जळत नाही नुसतं, वितळतं,
आणि कातडीला धरून बसतं.
बाह्या खाली घे. पँटची मोहरी दुमडू नकोस,
ठिणगीला घडी फार आवडते,
तिथे ती शिरते आणि निवांत बसते.

दारूखान्यातल्या ह्या गाळ्याला खिडकी नव्हती.
ही परकार चाचांनी स्वतः कापली, गॅसकटरने, धूर जायला.
मालक भांडायला आला तेव्हा म्हणाले,
"भाडं तुझं, फुप्फुस माझं."
अजून तिथूनच वारा येतो बंदराचा, खारट, डिझेलचा.
तो बाजूने घे. धूर तोंडावरून जाऊ देऊ नकोस.

जीआय पाइप आला तर आधी जस्त घासून काढायचं.
नाहीतर संध्याकाळी हुडहुडी भरते,
जिभेवर नाण्याची चव,
आणि घरचे म्हणतात, मलेरिया.
दूध-गुळाने काही होत नाही. मी किलोंनी खाल्लाय गूळ.

कुणी ड्रम आणला, "धुतलाय हो" म्हणत,
तर चहा पाज आणि ड्रम परत पाठव.
मागच्या गल्लीतला तो ड्रमही धुतलेलाच होता.
त्याचं झाकण तिसऱ्या पत्र्यावर सापडलं.
बाकीचं आज नको.

हे सगळं तुझ्या आयटीआयच्या वहीत आहे,
चौकटीत, लाल पेनाने.
वहीत नाही ते सांगतो.

लांब रेघ ओढताना डोळे जात नाहीत.
तेव्हा सगळेच शहाणे असतात,
मास्क असतो, हातमोजे असतात, देवाचं नावही असतं.
डोळे जातात टाक्याला.
एकच टाका. तेवढ्यासाठी कोण मास्क शोधणार?
अँगल काटकोनात बसलाय, हात सोडला तर हलेल,
"मीट रे डोळे," म्हणायचं धरणाऱ्याला,
आपण मान वळवायची,
आणि चट्.

वसईच्या एका शाळेचं गेट होतं. चौसष्ट टाके.
अँगल धरायला माझा मावसभाऊ, धाकू.
चौसष्ट वेळा मी म्हटलं, मीट.
चौसष्ट वेळा त्याने मिटले.
पापणी म्हणजे काय गं?
कांद्याचा पापुद्रा.

संध्याकाळी मजेत जेवला. दोनदा भात घेतला.
रात्री दोन वाजता भिंत चाचपत आला,
"दादा, डोळ्यात कुणीतरी वाळू ओतली."
मी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, सगळे ठेवतात तशा.
बटाटे गरम झाले.
वाळू तिथेच.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, पट्टी बांधली,
मग त्याला सोडून मला विचारलं,
"काच नव्हती का तुमच्याकडे?"
होती, म्हटलं.
कुठे?
खुंटीला.

दोन-तीन दिवसांत बरा झाला तो. नशीब.
पण गाळ्यात काही परत आला नाही.
भायखळ्याला भाजीचे ट्रक उतरवतो.
भेटला की बोलतो, घरचं विचारतो,
मी बिडी पेटवायला काडी ओढली
की मान वळवतो फक्त.
त्यालाही कळत नसेल.

चल. फळीवर उभी राहा, कोरडी आहे ना बघ.
अर्थिंगची क्लिप जॉबलाच, टेबलाच्या पायाला नाही.
घामेजल्या हाताने रॉड बदलायचा नाही,
मोजा बदल आधी.
काच अकरा नंबर. तडा नाही ना? उजेडाला धर.
वाळूची बादली कुठे आहे ते न बघता सांग.
बरोबर.

आता मागे बघ.
दारात चहावाला पोऱ्या, किटली घेऊन,
निळा उजेड बघायला थांबलाय.
त्याला वही नाही.
पडदा ओढ. त्याला हाताने खूण कर.
अँगलला क्लॅम्प लाव, माणूस नको.

हो, एकच टाका आहे. म्हणूनच.
काच खाली.
आणि रॉड टेकवायच्या आधी ओरडायचं, लाजायचं नाही,
पार गॅरेजपर्यंत गेलं पाहिजे:

"डोळे!"

अजून मोठ्याने.
मशीन चालू आहे.